कुत्र्याचं रडणं

'तुंबाड' हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला २०१८च्या ऑक्टोबरमध्ये, कोल्हापुरातल्या अर्ध्याहून अधिक रिकाम्या थिएटरात. दुसऱ्यांदा पाहिला तो घरी, मंगळवार पेठेत, आषाढातल्या रात्री. बाहेर झड लागलेली आणि पडद्यावरही तसाच पाऊस. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी खऱ्या पावसासाठी चार पावसाळे चित्रीकरण केलं, ते त्या रात्री अंगावर आलं.

थिएटरात मला साखळीनं बांधलेली म्हातारी दिसली होती. घरी दिसली तिला रोज भरवणारी आई. शापामुळे म्हातारीला मरण नाही. ती जागी व्हायच्या आत तिच्या पोटात अन्न गेलं पाहिजे, आणि हस्तर या लोभी देवाचं नाव घेतलं की ती निजते. आमची आजी शेवटची दोन वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. आई तिला पेज भरवायची आणि मी दाराआड उभा राहायचो. आजीची भीती वाटायची, आणि भीती वाटते म्हणून रडू यायचं. पडद्यावरचा तो भरवण्याचा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. थिएटरात असं थांबता येत नाही.

या चित्रपटाच्या मुळाशी भयकथाकार नारायण धारपांची कथा आहे. नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं ती बर्व्यांना सांगितली. धारप आम्हीही वाचनालयातून आणून पांघरुणात वाचले. भय घरात आणून ठेवायची सवय आम्हाला आधीपासूनच होती. आणि घराघरांत, मोबाइलवर पाहिला गेला म्हणूनच 'तुंबाड' जगला. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली.

पण लोभाची ही गोष्ट पाहताना कोल्हापूरच्या माणसाला आणखी एक चित्रपट आठवायला हवा: बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश', १९२५चा. कथा हरि नारायण आपट्यांची, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. आठवायला 'हवा' म्हणतो, कारण त्याची प्रत उरलेली नाही. उरली आहे ती चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडियांनी सांगितलेली आठवण: अंधुक उजेडातली उदास झोपडी आणि तिथं रडणारं कुत्रं. मूकपट होता तो! आपल्याकडे रात्री कुत्रं रडलं की घरातलं कुणीतरी उठून त्याला हाकलून येतं. बाबूरावांनी तो अपशकुन आवाजाशिवाय ऐकवला. त्याआधी १९२०च्या 'सैरंध्री'त त्यांनी दाखवलेला कीचकवध इतका खरा वाटला, की सेन्सॉरनं तो कापायला लावला. भयाचं हे काम आमच्या गावात शंभर वर्षांपूर्वी झालं आणि त्यातलं आम्ही घरी काही ठेवू शकलो नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या कपाटात 'हा खेळ सावल्यांचा' या जुन्या मराठी भयपटाची व्हीसीडी आहे, थोडी अडखळते, पण लागते. तिच्या शेजारी मला 'तुंबाड'ची डिस्क हवी आहे. अ‍ॅपवरचा चित्रपट करार संपला की निघून जातो. हा तसा जाऊ नये.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला बाबूरावांच्या आठवणीचा कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तिथून रात्री जाताना मी 'सावकारी पाश'मधली ती झोपडी डोळ्यांसमोर आणू पाहतो. दार कुठल्या बाजूला होतं, आत दिवा होता का, कुत्रं बसलेलं होतं की उभं, काहीच ठरवता येत नाही.