उजळणी

दिवेलागणीला आजोबा ओसरीवर येऊन बसायचे आणि आम्हा भावंडांचा परवचा सुरू व्हायचा. शुभंकरोती झाली की पाढे, पाढे झाले की पावकी, निमकी, दिडकी. एकदा मी कुरकुरलो, "रोज तेच काय म्हणायचं, आजोबा? येतंय की सगळं!" ते म्हणाले, "येतंय तोवरच म्हणायचं, बाळा." हे कोडं सुटलं ते कॉलेजात, सरांनी फळ्यावर डीरॅमचा, म्हणजे संगणकाच्या स्मृतीचा, एक सेल काढला तेव्हा.

एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर, बस्स. कपॅसिटर म्हणजे विद्युतभाराची कोठी: भार असला तर एक, नसला तर शून्य. ट्रान्झिस्टर म्हणजे त्या कोठीचं दार. १९६६ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना हे सुचलं. तोवर त्यांचा गट एकेका बिटसाठी सहा ट्रान्झिस्टर खर्ची घालत होता. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये अशा अब्जावधी कोठ्या आहेत.

पण ही कोठी गळकी असते. तिच्यात मावणारे इलेक्ट्रॉन काही दहा हजार, आणि दार लावलं तरी ते झिरपत राहतात. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत कोठ्यांची प्रत्येक ओळ वाचायची आणि परत लिहायची. इंजिनिअर याला रिफ्रेश म्हणतात. मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो: उजळणी. पुसट होत चाललेलं पूर्ण पुसण्याआधी उजळ करायचं.

आणि इथे वाचणं म्हणजेच पुसणं. दार उघडलं की चिमूटभर भार बिटलाइन नावाच्या लांबलचक तारेवर सांडतो. तिथलं व्होल्टेज जेमतेम शंभरेक मिलिव्होल्टांनी हलतं, कधी त्याहूनही कमी. टोकाला बसलेला सेन्स अ‍ॅम्प्लिफायर ती कुजबुज ऐकतो, एक की शून्य ते ठरवतो, ठणठणीत करतो आणि त्याच दमात कोठी पुन्हा भरून टाकतो. 'सतरा नव्वे' आलं की माझा आवाज असाच खाली जायचा. आजोबा माझ्या पुटपुटण्यातून बरोबर आकडा उचलायचे आणि खणखणीत म्हणायचे, "एकशे त्रेपन्न!" मग मीही तसंच म्हणायचो.

एसरॅम या दुसऱ्या प्रकारच्या स्मृतीला ही उजळणी लागत नाही. त्यातल्या सहापैकी चार ट्रान्झिस्टरांच्या दोन जोड्या एकमेकींना धरून उभ्या असतात. ही एक म्हणते म्हणून ती शून्य म्हणते, आणि तिच्या शून्यावर हिचा एक टिकतो. जागा फार लागते, म्हणून ही स्मृती थोडीच असते, प्रोसेसरच्या अगदी जवळ. वीज गेली की मात्र दोन्ही जोड्या एकदमच गप्प.

वीज गेल्यावरही टिकणारी स्मृती माझ्या टेबलाच्या खणात आहे: २७६४, एक जुनी ईप्रॉम. मधोमध क्वार्ट्झची गोल खिडकी, तिच्यावर कागदी लेबल, लेबलवर फिकट निळ्या शाईतली तारीख. आत ऑक्साइडने चहूबाजूंनी कोंडलेल्या तरंगत्या गेटवर इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं अडकून बसतात. लेबल सोलून अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवलं की पाटी कोरी. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडलेली फ्लॅश मेमरी याच कुळातली. ती विजेनेच पुसता येते, पण प्रत्येक खोडण्यासरशी तिचं ऑक्साइड थोडं थोडं झिजतं.

मला ओढ आहे ती डीरॅमच्या स्मृतीची. तिथे आठवण ही ठेवून दिलेली वस्तू नसते, अखंड चाललेलं काम असतं. कुणी काही पुसत नाही; फक्त उजळणी थांबते आणि आठवण आपोआप जाते.

परवा दिडकी म्हणायला गेलो आणि मध्येच अडलो. चाल ओठांवर होती, शब्द नव्हते. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती कुणी विचारलीच नव्हती. मी दादाला फोन लावला. त्याला सुरुवात येत होती, मला शेवट. मधल्या दोन पायऱ्या आम्ही बोटांवर मोजून लावल्या. दिडकी पुरी झाली, तसा दादा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "चल, पुन्हा पहिल्यापासून म्हणू."