शिबिरं गेली, सुई आली

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं; स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला. त्या काळी डोळ्यांचे डॉक्टरच गावाकडे यायचे. दिवाळी आटोपली की शाळेतले बाक व्हरांड्यात निघत, वर्गात सतरंज्या पडत आणि रिसोड-मालेगावकडची म्हातारी माणसं बैलगाड्यांनी शिबिराला येत. मोतीबिंदू काढल्यावर मान हलवायची नाही, खोकायचंही नाही. नातू उशाशी बसून वारा घालायचा. पुढे जाड भिंगाचा चष्मा मिळे. त्यातून आजोबांचे डोळे केवढे मोठे दिसत!

पण काहींची पट्टी सुटायची नि समोर अंधारच. डॉक्टर आत डोकावून म्हणत, "पडदा गेला." पुढं कुणी काही विचारत नसे. "डोयातलं तेल सरलं," म्हणून म्हातारा उठायचा.

म्हाताऱ्यांचं समजू शकत होतं. तरण्याताठ्या पोराच्या डोळ्यात एकाएकी रक्त उतरलं, की गाव करणीवर यायचं. हेन्री ईल्स या इंग्रज डॉक्टरनं १८८०मध्येच या रोगाची नोंद केली होती. पडद्यातल्या शिरांना सूज येते, त्या बुजतात, मग नव्या कच्च्या शिरा फुटून रक्त सांडतं. आपल्या देशात हा रोग अधिक दिसतो, आणि क्षयाशी त्याचं नातं असावं असा संशय जुना आहे.

मधुमेह तर तेव्हा पैसेवाल्यांचा रोग. आता ज्वारीच्या वावरात सोयाबीन आलं आणि गल्लीगल्लीत शुगरची गोळी आली. (सोयाबीनवर खापर फोडत नाही, दोन्ही एकाच काळात आली, एवढंच.) मधुमेहानं पडदा बिघडतो, त्यातही सूज आहेच, हे कळायला वेळ लागला. साखर चढी राहिली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी बारीक शिरांच्या भिंतींना चिकटतात, वाट अडवतात. भिंती झिरपू लागतात, पडद्याच्या मधोमध पाणी साचतं. रक्ताविना उपाशी पडलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो. ते नव्या शिरा फोडतं आणि आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतं. सांधेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधं घेणाऱ्या मधुमेह्यांचे पडदे बरे दिसतात, असं १९६४मध्ये कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनचा पडद्याला काही उपयोग झाला नाही. सूज असते म्हणजे सुजेवरची कुठलीही गोळी चालते, असं नव्हे.

आधी उपाय होता लेसरचा: पडद्याचा कडेचा भाग जाळायचा आणि मधली नजर राखायची. २००५च्या सुमारास कॅन्सरवरचं बेव्हॅसिझुमॅब डोळ्यात टोचू लागले, नि पाणी ओसरू लागलं. ज्यांना ते पुरत नाही त्यांना स्टेरॉइड. पण त्यानं डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही लवकर पिकतो.

"सुई घ्याले चाललो," असं आता एसटी स्टँडवर ऐकू येतं. कुणी जालन्याला गणपती नेत्रालयात, कुणी अकोल्याला. सुरुवातीला महिन्या-महिन्याला जावं लागतं. सोबत येणाऱ्या पोराची मजुरी बुडते, आणि नेमकी सोंगणीतली सुई चुकते. शाळेतली सतरंजी, उशाशी बसलेला नातू, साऱ्या गावाचं एकत्र जाणं, हे मला आठवतं; तो जाड चष्मा परत नको. शिबिरानं मात्र एक सवय लावली नाही. ते होतंच दिसेनासं झालेल्यांसाठी. दिसत असताना, वर्षातून एकदा पडद्याचा फोटो काढून घ्यायला शुगरवाला माणूस अजूनही येत नाही.