मुरगावच्या बंदरातली रात्र

मुरगाव बंदरातल्या जर्मन जहाजांवर मी कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा झुआरीवर पूल नव्हता. पणजीहून आगशीला यायचं, फेरीबोटीने कुठ्ठाळी गाठायची आणि पुढे वास्कोची बस धरायची. हाताशी होतं ते जेम्स लीझरचं 1978 सालचं इंग्रजी पुस्तक. त्यावरचा ग्रेगरी पेकचा सिनेमाही नुकताच येऊन गेला होता.

घटना मार्च 1943 ची. गोवा पोर्तुगालकडे आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ, म्हणून ‘एहरेनफेल्स’सह तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज मुरगावात आश्रयाला होतं. एहरेनफेल्सवरून पाणबुड्यांना बिनतारी खबर जाते, असा इंग्रजांचा संशय. तटस्थ बंदरात फौज तर पाठवता येत नव्हती. मग ‘कलकत्ता लाइट हॉर्स’चे हौशी सैनिक, एरवी कचेऱ्यांत बसणारे मध्यमवयीन गृहस्थ, ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून आले. जहाजाचा कप्तान मारला गेला आणि जहाजं खलाशांनी स्वतःच बुडवली.

मी लिहायला बसलो तेव्हा कागद कुलपात होते, पण माणसं होती. वास्कोत बंदरावर काम केलेले एक वयस्कर गृहस्थ भेटले. चहाच्या टेबलावर पाण्याने बोट फिरवून त्यांनी मला धक्का कुठे, जहाजं कुठे ते दाखवलं. पाणी सुकायचं, ते पुन्हा काढायचे. त्या रात्री खिडकीच्या काचा लाल झाल्या होत्या, म्हणाले. आईने हाताला धरून मागे ओढलं आणि दिवा मालवला. सकाळी बाहेर काय बोलायचं नाही, तेही तिनेच बजावलं. हेरकथेत मला जे हवं होतं, ते सगळं त्या बाईच्या धाकात होतं.

आता त्याच विषयाकडे पुन्हा वळलोय. ब्रिटिश गुप्त मोहिमांच्या फायली 1990 नंतर हळूहळू खुल्या झाल्या. लंडनच्या क्यू अभिलेखागाराची सूची घरबसल्या चाळता येते. मोहिमेची 8 मार्चची रात्र म्हणजे फाल्गुनातली कोवळी कोर, मध्यरात्रीच्या कितीतरी आधी मावळलेली, हेही संगणक क्षणात सांगतो. कार्निव्हाल चालू होता, हे त्या वर्षीच्या ईस्टरवरून मागे मोजत कळतं. वाचकही बदलला. अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेला जुना वाचक पुढे काय झालं ते विचारायचा. आजचा मोबाइलवर नकाशा उघडून बोट कुठून शिरली ते तपासतो. तपासू दे, त्याचा हक्कच आहे. अंधार किती होता हे आता मी ठामपणे लिहू शकतो, याचा मला आनंदच आहे.

तरी मला ते पाण्याने काढलेले नकाशेच आठवतात. अहवाल लिहिणाऱ्याची नजर जहाजावर. किनाऱ्यावरच्या घरांकडे ती कशाला वळेल? आणि त्या घरात कोण जागं होतं, हे विचारायला आज वास्कोत जावं, तर सांगणारं कुणी उरलेलं नाही. म्हणून नव्या कादंबरीत मोहिमेची प्रकरणं मी कागदपत्रांवरून लिहितोय, पण सुरुवात मात्र दिवा मालवणाऱ्या त्या आईपासून केली आहे.