तव्याचे वळण

मराठीत ‘लागणे’ या क्रियापदाच्या वाट्याला फार कामे आली आहेत. भूक लागते, दृष्ट लागते, वेड लागते, वळण लागते. आणि भातही लागतो. पातेल्याच्या बुडाशी दूध लागले, तव्याला घावन लागले, असे आपण म्हणतो तेव्हा दोष कोणाचा हे त्या क्रियापदात कुठेच नसते. ते ठरवण्याचे काम घरातली माणसे करतात. भांडे, जाळ, पीठ, पाणी या साऱ्यांची साक्ष बाजूला सारून निकाल बहुधा एकाच ठिकाणी लागतो: करणारणीच्या हातावर.

देवगडच्या बाजूला आमच्या घरी घावनासाठी बिडाचा तवा होता. त्याला आम्ही भिडे म्हणत असू. पोळ्यांचा लोखंडी तवा वेगळा, भिडे वेगळे. भिड्यावर पोळी भाजायची नाही आणि आंबट काही शिजवायचे नाही, हा घरचा कायदा होता. त्याचे कारण कोणी सांगत नसे. तांदूळ रात्री भिजत पडत, पहाटे वाटले जात आणि पीठ ताकाइतके पातळ केले जाई. भिडे तापले की नाही ते पाहायला आजी ओल्या बोटांनी त्यावर पाणी शिंपडी. थेंब नुसते बसून राहिले तर जाळ कमी. चुर्र करून क्षणात विरले तर ठीक. पाऱ्याच्या गोळ्यांसारखे नाचत पळू लागले तर लाकूड मागे ओढायचे. या नाचणाऱ्या थेंबांवर योहान लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने १७५६ साली लॅटिनमध्ये सविस्तर लिहून ठेवले आहे. त्याने तापवून लाल केलेल्या लोखंडी चमच्यात थेंब सोडून पाहिले होते. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि पाणी धातूला टेकतच नाही. आमच्या आजीला तो वैद्य ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्याला घावन.

मग नारळाच्या शेंडीचा कुंचला तेलात बुडवून भिड्यावरून फिरायचा. शेंडी नसली तर अर्धा कांदा किंवा वांग्याचे देठ. पीठ कडेकडेने ओतून मध्यावर आणायचे आणि वर झाकण ठेवायचे. त्यानंतर जे करायचे ते म्हणजे काही न करणे. घावन तयार झाले की त्याच्या कडा आपोआप उचलतात. त्याआधी उलथने घातले तर ते फाटते. कच्चे पीठ धातूला धरून असते. खालची बाजू भाजून तिच्यातले पाणी निघून गेले म्हणजे तेच पीठ धातूला सोडते. घाई करणाऱ्याच्या हाती चिंध्या येतात, हे खरे. पण नुसता धीर धरूनही चिंध्याच हाती येऊ शकतात.

माझी धाकटी काकी घाटावरची, कोल्हापूरकडची. १९६३ साली ती लग्न होऊन आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. भाकरीत तिचा हात धरणारी आमच्या गावात कोणी नव्हती. परातीत थापलेली भाकरी ती तव्यावर अशी टाकी की आवाजही होत नसे. वरून पाण्याचा हात फिरवी, उलटी, आणि निखाऱ्यावर ती टम्म फुगे. भाकरीला तेल लागत नाही. तिचे पीठ घट्ट, पाणी बेताचे. तापलेला तवा तिला धरून ठेवत नाही. घावनाचे पीठ म्हणजे बहुतेक पाणीच. ते ओतताच भिडे निवते आणि ओल बिडाच्या कणाकणांत शिरते, कारण बीड वाळूच्या साच्यात ओततात आणि त्या वाळूचा खरखरीतपणा त्याच्या अंगावर उतरलेला असतो. एक विद्या पुरती येत असलेल्या बाईला दुसरी शिकायची होती, एवढाच प्रकार होता.

तिच्या हातचे पहिले घावन भिड्यावरून निघालेच नाही. दुसरेही नाही. चुलीपुढे बसलेली ती, कडेला साचलेला लगदा, आणि दारात उभ्या असलेल्या बायका मला आठवतात. घाटावरच्यांना तांदूळ काय ठाऊक, असे कोणीतरी म्हणाले. हिच्या हाताला भिडे लागत नाही, असे आजी म्हणाली आणि हे वाक्य गावात वर्षभर फिरले. माहेरी गेलेल्या काकीला परत कधी आणायचे याची चर्चाही त्या वर्षी जरा लांबली. एका घावनावरून कोणी सून टाकत नाही; पण टाकण्याची कारणे जमवायला बसले की घावनही त्यांत धरतात.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि शिकवलेही. जवसाचे तेल उघड्यावर राहिले की त्यावर साय धरते, आणि रंगारी याच गुणासाठी ते वापरतात, हे वर्गात सांगताना मला भिडे आठवे. तेलातले असंतृप्त रेणू हवेतला प्राणवायू घेऊन एकमेकांत गुंफतात आणि त्यांचे घट्ट जाळे तयार होते. रंगात हे काम दिवसांच्या हिशेबाने चालते, तापल्या बिडावर मिनिटांच्या. जुन्या भिड्याचा तो काळा तुकतुकीत रंग बिडाचा नसतोच. तो वर्षानुवर्षे थरावर थर चढलेल्या तेलाचा असतो. तोच बिडाचे खळगे बुजवतो आणि पिठाला धातूपासून दूर ठेवतो. आंबट पदार्थ तो थर खातो. कोरडा कडक ताव त्याला जाळतो. राख आणि काथ्या घेऊन कोणी मनापासून घासायला बसले तर तो खरवडून निघतो. घरच्या कायद्याचे कारण हे असे उलगडले.

आणि त्याबरोबर दुसरेही काही उलगडले. काकी आली त्यानंतर महिन्याभरातच आमच्या पणजीचे निधन झाले होते. दहा दिवस सुतक. अकराव्या दिवशी घर सारवले, भांडी काढली, राखेने घासली. लोखंड आणि बीड अग्नीने शुद्ध होते म्हणून भिडे चुलीत घालून लाल केले आणि मग घासून पांढुरके केले. काकीने पहिले घावन घातले ते त्यानंतर दोन दिवसांनी. ज्या भिड्यावर आजीची स्वतःची घावने चाळीस वर्षे सुटत आली होती, ते भिडे त्या दिवशी नव्याइतकेच कोरे होते. खुद्द आजीने घातले असते तरी ते निघाले नसते.

न चिकटणारे तवे बाजारात आले तेव्हा आमच्या पिढीतल्या पुष्कळ जणींनी नाके मुरडली. मी मुरडली नाही. १९३८ साली रॉय प्लंकेट हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ शीतकरणाच्या वायूंवर काम करीत असता, एका नळकांड्यात वायूऐवजी पांढरी मेणचट भुकटी सापडली, तेच टेफ्लॉन. कोणाशीही संबंध न जोडणारा असा दुसरा पदार्थ विरळा. त्याच्या लेपावर पहिल्याच दिवशी पहिलेच घावन सुटते आणि दारात उभ्या असलेल्या बायकांना बोलायला काही उरत नाही. याचे मोल मी कमी लेखणार नाही. त्याचे दोषही आहेत. रिकामा तवा २६० अंशांच्या पुढे तापला की लेप बिघडू लागतो, ओरखडे पडले की तो तवा टाकूनच द्यावा लागतो; आणि हा पदार्थ बनवताना पूर्वी वापरले जाणारे एक रसायन २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या निर्मूलनाच्या यादीत गेले. माझ्या स्वयंपाकघरात दोन्ही तवे आहेत. पण परंपरेच्या नावाने बिडाची आरती करणाऱ्यांना मला विचारावेसे वाटते की तो घासला कोणी, आणि त्याची बोलणी खाल्ली कोणी.

१९९८ साली, आजी जाऊन बरीच वर्षे झाल्यावर, मी काकीला सुतकाची ती गोष्ट सांगितली, जवसाच्या तेलासकट. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“मला ठाऊक होतं की,” ती म्हणाली. “भिडं मीच घासलं होतं. सासूबाईंनीच सांगितलं, पांढरं होईतो घास म्हणून.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“कुणाला सांगू? घासायला लावणाऱ्यांनाच?”

मग तिने सांगितले की, सगळे निजले की ती विझत्या चुलीवर भिडे ठेवी, पेजेच्या पाण्याने पुसून कोरडे करी आणि आपल्या डोक्याला लावायच्या खोबरेल तेलातले दोन थेंब त्याला चोळी. धूर निघून जाईपर्यंत बसून राही. सहा महिने लागले. पावसाळ्याच्या तोंडाशी घावन सुटले, तेव्हा आजी म्हणाली की आता हात बसला.

“तेल किती घ्यायचं?” मी विचारले.

“पुसून काढायचं,” काकी म्हणाली, “जसं लावलंच नव्हतं. जास्त राहिलं तर चिकट होतं.” आणि पदराच्या टोकाने तिने समोरच्या पाटावर हात फिरवून दाखवला.