वाघ, शेळ्या आणि यंत्र

खेळ खेळणे सोपे. खेळ सांगणे अवघड. पटाशेजारी बसलेल्या मुलाला नियम कोणी समजावून देत नाही. ते चार डाव पाहते, दोन हरते आणि पुढच्या डावाला सराईतपणे खेळू लागते. नियम त्याच्या बोटांत उतरलेले असतात. जिभेवर ते क्वचितच येतात. संगणकाजवळ ही समजूत नाही. सांगितले तेवढेच त्याला कळते. चेन्नईच्या मुक्कामी फावल्या संध्याकाळी खेळ रचण्याचे साधन हाताळू लागल्यापासून ही गोष्ट आम्हांस रोज नव्याने पटत आहे.

साधनाचे नाव ‘गोदो’. बेकेटच्या नाटकात ज्याची वाट पाहण्यात दोन अंक सरतात आणि जो अखेरपर्यंत येत नाही, त्या गृहस्थाचे हे नाव. हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्सुर या अर्जेंटिनातील दोघांनी ते घडविले आणि २०१४ साली मुक्त परवान्याखाली सर्वांस खुले केले. त्याला मोल नाही, आणि त्यातून रचलेल्या खेळावर कोणी हक्क सांगत नाही. या मोकळिकीची किंमत २०२३ साली कळली. ‘युनिटी’ या दुसऱ्या नामांकित साधनाच्या मालकांनी, ठरावीक मर्यादेपुढे खेळ जितक्या यंत्रांवर चढेल तितके शुल्क घेण्याचे जाहीर केले. जगभर ओरड झाली आणि २०२४ मध्ये तो बेत रद्द करण्यात आला. घरमालकाने मधूनच भाडे वाढविल्याचा अनुभव बदलीच्या नोकरीत कोणास नाही?

रचावयास आम्ही घेतला तो तमिळ मुलखातील ‘आडु पुलि आट्टम’. आडु म्हणजे शेळी, पुलि म्हणजे वाघ. आपल्याकडील वाघबकरीच्या डावाचा हा दक्षिणी भाऊबंद. त्रिकोणी पटावर तेवीस बिंदू. वाघ तीन, शेळ्या पंधरा. शेळ्या एकेक करून मांडावयाच्या, आणि साऱ्या मांडून झाल्याखेरीज त्यांनी हलावयाचे नाही. वाघ शेळीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर गेला की शेळी मेली. तिन्ही वाघ कोंडले गेले की शेळ्या जिंकल्या. जुन्या देवळांच्या दगडी फरशीवर असे पट कोरलेले आढळतात.

नवख्याची पहिली अडचण उंबरठ्यावरच येते. जुन्या यंत्रावर गोदो अडखळते. तेव्हा नवा प्रकल्प उघडताना ‘कम्पॅटिबिलिटी’ हा चित्रणाचा प्रकार निवडावा, म्हणजे बहुधा काम भागते. दुसरी अडचण भूमितीची. शाळेतील आलेखात वर जावे तसा आकडा वाढतो. येथे शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असते आणि खाली उतरावे तसा आकडा वाढतो. शाळेच्या सवयीने मांडलेला त्रिकोण त्यामुळे शिखर खाली करून उभा राहतो. तिसरी अडचण नावांची. फाइलच्या नावातील लहानमोठ्या रोमन अक्षरांचा भेद विंडोज खपवून घेते, अँड्रॉइड घेत नाही. घरी चाललेला खेळ फोनवर चित्रांविना उघडतो.

चूक झाली की यंत्र लाल अक्षरांत तक्रार नोंदविते. लेखापरीक्षकांच्या शेऱ्यांशी ज्यांचा जन्माचा संबंध आला, त्यांना तिचे भय वाटण्याचे कारण नाही. ती ओळीचा क्रमांक देते. दोष मात्र पुष्कळदा वरच्या ओळीत दडलेला असतो. तक्रारी दहा असल्या तरी पहिली आधी मिटवावी. उरलेल्यांपैकी बऱ्याचशा तिचीच प्रजा असतात. ‘नल’ हा शब्द दिसला, तर जो घटक तेथे नाहीच त्याला हाक मारली गेली, असे समजावे.

देवनागरीची कथा वेगळी. गोदोच्या तिसऱ्या पिढीत आपली जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूस बसे. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने हे दुखणे दूर केले. देवनागरीचा एखादा मुक्त टंक प्रकल्पात ठेवला की ‘शिकार’ हा शब्द पडद्यावर शिकार म्हणूनच उमटतो. तमिळ लिपीलाही हाच लाभ झाला. परक्याच्या यंत्रावर आपली लिपी धडपणे वाचता येणे, यातील समाधान परमुलखात राहणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

ही विघ्ने सरल्यावर जे उरले ते कोणत्याही पुस्तकात सापडण्याजोगे नव्हते. पट चौकटींचा नसल्याने प्रत्येक बिंदूचे शेजारी कोण आणि कोठून कोणावरून कोठे उडी पडते, हे तक्त्यात लिहावे लागते. ते झाले. मग यंत्राने विचारल्यासारखे झाले: किती शेळ्या मेल्या म्हणजे वाघ जिंकला? शेजारच्या तमिळ आजीबाईंनी तंजावरकडील आपल्या माहेरचा नियम सांगितला, पाच. त्याच इमारतीतील तिरुनेलवेलीचे गृहस्थ म्हणाले, दहाखेरीज वाघाने मिशीवर ताव मारू नये. एका चालीत दोन शेळ्या मारता येतात का, यावरही दोघांचे एकमत होईना. आजीबाई आठवत आठवत मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या की, हे आपल्या थोरल्या बहिणीला ठाऊक होते. ती आता नाही.

तेव्हापासून आम्ही कोणता नियम खरा हे ठरविण्याचा नाद सोडला. खेळात दोन्ही नियम ठेवले आहेत. प्रत्येकापुढे त्या त्या मुलखाचे नाव लिहिले आहे आणि खेळणाऱ्याने आपला निवडावा. उडीच्या नियमापुढची एक जागा रिकामी आहे.

वाचकांपैकी कोणी विजयवाड्यास असेल, कोणी धारवाडास, कोणी कटकास. तेथेही वाघ आणि शेळ्या असतीलच. संगणक पुढेमागे हाताशी येईल. तोवर एका वहीत शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचे नियम उतरवून घ्यावेत, आणि ते घेताना गावाचे नाव लिहावयास विसरू नये.