भिंतीतला ठोका

घर बांधताना नळ एकदा भिंतीत गेले की त्यांची आठवण सहसा कोणास होत नाही. आठवण होते ती भिंतीतून ‘ठक्क’ असा आवाज येऊ लागल्यावर. प्रारंभी त्याकडे दुर्लक्ष होते, पुढे त्याची सवय होते आणि सांधा सुटून ओल दिसली की मग धावपळ सुरू होते. व्यापारी कुटुंबात ही ओल केवळ रंग बिघडवून थांबत नाही. खाली दुकान, मागे गोदाम आणि वर बिऱ्हाड असलेल्या घरात झिरपलेले पाणी प्रथम मालाला गाठते.

वाहत्या पाण्याला वजन आणि वेग दोन्ही असतात. ते अकस्मात अडले की त्या वेगाचा दाब होतो आणि तो लाटेसारखा नळातून मागे-पुढे धावतो. यालाच जलाघात किंवा ‘वॉटर हॅमर’ म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्को येथे प्रयोग करून त्याचे गणित मांडले. त्यानुसार लोखंडी नळातून सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणात थांबले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ किलो इतका दाब वाढू शकतो. १० मीटर उंचीवरील टाकीचा दाब अवघा १ किलो भरतो. यावरून सांध्यांवर काय बेतते, ते ध्यानात यावे.

परभणी शहराला पूर्णा नदीवरील येलदरी जलाशयाचे पाणी मिळते. नळाला पाणी रोज येत नसल्याने घरोघरी जमिनीत हौद, त्यावर मोटर आणि गच्चीवर टाकी असा सरंजाम असतो. आवाजाची मुळे बहुधा याच सरंजामात असतात.

शहराच्या जुन्या पेठेतील एका कुटुंबात काही महिने हा त्रास चालला होता. नव्वदीकडे झुकलेल्या आजी रात्री दचकून उठत आणि मग पहाटेपर्यंत त्यांचा डोळा लागत नसे. भिंत फोडून सारे नळ बदलावेत, असा सल्ला मिळाला होता. दुकानाचा रोजमेळ सांभाळणाऱ्या थोरल्या सुनेने सासऱ्यांना विनविले, “बाबा, आठ दिवस थांबू या. आवाज केव्हा होतो तेवढे मी लिहून ठेवते.” तिने वहीत वेळ, त्या क्षणी घरात काय चालू होते आणि आवाजाचा प्रकार, असे तीन रकाने आखले.

आठवड्याअखेर वहीने उत्तर दिले. मोठा ठोका मोटर बंद होताच एकदाच पडत होता. मोटर थांबताच उभ्या नळातील पाणी खाली परतते आणि झिजलेल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप उशिरा, जोराने आपटते. रात्री टाकी भरण्याची घरची रीत असल्याने आजींची झोप त्यानेच मोडत होती. दुसरा आवाज थरथरीचा होता. हौद भरत आला की पाण्याच्या लाटांवर चेंडूचा व्हॉल्व्ह डचमळून उघडझाप करी. तिसरी खडखड नळाला पाणी येण्याच्या वेळची होती. रिकाम्या नळातील हवा पाण्यापुढे ढकलली जाई आणि क्लॅम्प निखळलेला नळ भिंतीवर आदळे.

उपाय त्यावरूनच ठरले. विजेचा पुरवठा तोडून मोटरजवळ स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसविला. पाणी उलट फिरण्याआधीच स्प्रिंग त्याची झडप मिटवते. चेंडूचा व्हॉल्व्ह बदलून हौदाकडे येणारा कॉक किंचित आवळला. सुटा नळ रबरी अस्तराच्या क्लॅम्पांनी बांधला आणि पाणी येण्याच्या वेळी एक तोटी थोडी उघडी ठेवण्याचा प्रघात पाडला. भिंतीला छिन्नी लागली नाही. खर्च फोडतोडीच्या मानाने किरकोळ झाला आणि आजींना सलग झोप लागू लागली.

इतर घरांत कारण निराळे असू शकते. प्रेशर पंप असलेल्या घरात झटक्याने मिटणारी तोटी किंवा धुलाई यंत्राचा व्हॉल्व्ह ठोका देतो. तेथे तोटी सावकाश मिटणे, पंपाचा दाब कमी करणे आणि नळाला झटका सोसणारा अरेस्टर बसविणे हितावह. कोठे सार्वजनिक नळालाच मोटर जोडलेली असते. तेथे आवाजाचा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण ती मोटर शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढते. ती काढणे हाच तेथील उपाय होय.

रोजमेळात फरक निघाला म्हणून कोणी सारी वही नव्याने लिहीत नाही. फरक कोणत्या तारखेचा आणि कोणत्या नोंदीचा, हे शोधले की एक आकडा दुरुस्त करून भागते. पिढ्यान्‌पिढ्या हिशेब ठेवणाऱ्या घरांना ही शिस्त कोणी शिकवावी लागत नाही. तीच वही नळासाठी उघडली, तर कारागिरालाही नेमके काम सांगता येते आणि घरातील वृद्धांची झोप व गोदामातील माल दोन्ही सुरक्षित राहतात.