पोलाद परमुलखाचे, अग्नी घरचा

ज्या कथा शतकानुशतके लोकांच्या मुखी टिकतात, त्या कडीकुलपात जपल्यामुळे टिकतात असा आपला एक भाबडा समज असतो. वस्तुतः प्रत्येक पिढीत कोणी तरी साहसी कारागीर निपजतो, तो वाडवडिलांचे धन पुन्हा भट्टीत घालण्याचे धैर्य दाखवितो, आणि त्याच्या त्या धैर्यावरच कथेचे पुढील आयुष्य अवलंबून असते. 'यादेसोतुरी', अर्थात 'जेड वॉरियर', हा फिन्निश चित्रपट पाहिल्यापासून या विचाराने माझ्या मनात घर केले आहे. २००६ साली आन्त्ति-युस्सी आन्निला या दिग्दर्शकाने आपल्या पहिल्याच चित्रपटात फिनलंडच्या 'कालेवाला' या राष्ट्रीय महाकाव्याची आणि चिनी युद्धकलेच्या चित्रपरंपरेची सोयरीक जुळविली. त्याचा काई नावाचा नायक हा आजच्या फिनलंडमधील एक लोहार. प्रेयसी सोडून गेल्याने खचलेला. एका पुरातन पेटीच्या निमित्ताने त्याला उमगते, की पूर्वजन्मी आपण चीनमध्ये सिंताई नावाचे योद्धे होतो. जन्मांतरीचा ऋणानुबंध आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. आन्निलाने मात्र त्यासाठी आपल्या देशाचे सर्वांत मोलाचे कल्पनाधन पणास लावले.

ते धन म्हणजे 'साम्पो'. हंसाच्या पिसाचे टोक, भाकड गाईचे दूध, जवाचा एक दाणा आणि मेंढीची लोकर एवढ्या सामग्रीतून इल्मारिनेन नावाच्या लोहाराने घडविलेले ते अद्भुत जाते एका अंगाने पीठ, दुसऱ्या अंगाने मीठ आणि तिसऱ्या अंगाने नाणी दळीत असे; पुढे त्याच्यासाठी झालेल्या झगड्यात ते समुद्रात फुटले. एलियास ल्योनरोट या वैद्याने खेड्यापाड्यांतील गायकांकडून अशी गीते टिपून घेतली, त्यांना स्वतःच्या कल्पनेने सांधले, आणि १८३५ साली 'कालेवाला' प्रसिद्ध केले. १८४९ च्या वाढीव आवृत्तीत ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी झाल्या. त्या काळी फिनलंडवर रशियाच्या झारचा अंमल होता, दफ्तराची आणि विद्येची भाषा स्वीडिश होती, आणि फिन्निश भाषा शेतकऱ्यांच्या ओसरीवर व गायकांच्या कंठात तेवढी नांदत होती. साम्पोला चिनी भूमीशी जोडणाऱ्या दिग्दर्शकावर कोणी परंपराभंगाचा आरोप ठेवू म्हणेल, तर त्याने आधी ल्योनरोटला त्याच पिंजऱ्यात उभे केले पाहिजे. कारण विखुरलेले तुकडे नव्याने सांधण्याचा गुन्हा त्याचाही होता, आणि त्याच गुन्ह्यातून एक राष्ट्र स्वतःला ओळखू लागले.

धाराशिव जिल्ह्यात वाढलेल्या मनुष्याला ही हकीकत परकी वाटत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमच्या मुलखावर निजामाची हुकूमत होती. कचेरीतील अर्ज, पंचनामे आणि निवाडे उर्दूत चालत, आणि मराठी मात्र कीर्तनात, ओवीत आणि गोंधळात सुरक्षित होती. लग्नघरी उसाच्या पाच धाटांखाली चौक भरून घट मांडला जातो, दिवटी पाजळते, संबळावर पहिली थाप पडते आणि तुणतुण्याचा सूर धरून गोंधळी गावोगावच्या दैवतांना निमंत्रण करू लागतो, तेव्हा मुख्य गोंधळी एक वाक्य सोडतो आणि साथीदार ते उचलून, प्रश्न विचारून, हुंकार देऊन कथा पुढे नेतो. तीच कथा तो परवा दुसऱ्या गावी सांगतो, तेव्हा तीत त्या गावचा ओढा येतो, त्या घरचे कुलदैवत येते. आणि तरीही ती बिघडली असे ऐकणाऱ्या कोणालाही वाटत नाही.

तुळजापुरात महाद्वाराच्या वाटेवर कुंकवाच्या राशी, कवड्यांच्या माळा आणि परड्या यांच्या शेजारी एक तसबीर हटकून दिसते: अष्टभुजा भवानी प्रकट झाली आहे, शिवाजीमहाराज नतमस्तक आहेत, आणि देवी त्यांच्या हाती तलवार देत आहे. परमानंदाच्या 'शिवभारता'तही अफजलखानाच्या भेटीपूर्वी तुळजा देवी राजांना दर्शन देते. आता इतिहासाचे अभ्यासक सांगतात, की त्या काळी मराठ्यांच्या हाती असलेल्या फिरंग तलवारींची लांब, सरळ पाती पुष्कळदा युरोपात घडलेली असत, पोर्तुगीजांच्या बंदरांवाटे ती इकडे येत, आणि मूठ तेवढी येथे बसविली जाई. खुद्द भवानी तलवारीचे पातेही फिरंगी असावे, असा पक्ष मांडला गेला आहे. काहींना यामुळे श्रद्धेस बाध येईल अशी धास्ती वाटते. मला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. पोलाद कोणत्या खाणीतून आले हा व्यापाराचा प्रश्न आहे. ते कोणत्या कार्यासाठी उपसले गेले, रयतेच्या रक्षणाची कोणती शपथ त्यावर वाहिली गेली, हा धर्माचा प्रश्न आहे, आणि भवानीने दिली ती तलवार या दुसऱ्या अर्थाने दिली.

खुद्द देवीच्या दारीही दूरच्या मुलखाला मान आहे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला पालखी येते ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, आणि त्यानंतर देवी श्रमनिद्रा घेते ती घोडेगावाहून वाजतगाजत आलेल्या पलंगावर. तुळजापूरचा सोहळा परगावच्या या सेवेवाचून पुरा होत नाही, आणि म्हणून तो उणा ठरत नाही. याच जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर. तेथला माल भडोचच्या बंदरातून रोमन जगाकडे जाई, तेथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती गावच्या संग्रहालयात आहे, आणि तिच्याशी नाते सांगणारी मूर्ती १९३८ साली इटलीतील पॉम्पेईच्या राखेतून निघाली. घेणे आणि देणे हे दोन्ही व्यवहार या भूमीच्या अंगवळणी पडलेले आहेत.

मात्र सर्वच मिश्रणे सारखी नसतात. केवळ नेत्रसुखासाठी कोणाची तरी उडी आणि कोणाचा तरी देव एकत्र बांधला, तर ते गाठोडे होते, कलाकृती होत नाही. आन्निलाच्या चित्रपटात मला जे मोलाचे वाटते ते हे, की लोहार हा लोहारच राहतो. त्याचे एकाकीपण, त्याचे मौन, हिमात गोठलेले त्याचे दुःख हे अस्सल फिनलंडचे आहे, आणि चिनी युद्धकला त्या दुःखाला देह देते. तसे आपले अस्सल काय, याची साक्ष एका परक्यानेच दिली आहे: सातव्या शतकात ह्युएन त्संग या चिनी यात्रेकरूने महाराष्ट्रीयांविषयी लिहून ठेवले, की हे लोक उपकार विसरत नाहीत, अपमान गिळीत नाहीत, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी सूचना देऊन मग शस्त्र उचलतात, आणि शरणागताला मारीत नाहीत. परक्याला आपल्यात जी नीती इतक्या स्पष्टपणे दिसली, ती आपल्या पडद्यावर आज किती दिसते, हा प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे.

आमच्याकडे गोंधळ आहे, पोवाडा आहे, दांडपट्ट्याचे हात आहेत, आणि तुळजापूरपासून परांड्याच्या तटापर्यंत पसरलेली कथाभूमी आहे. उद्या एखाद्या धाराशिवकर तरुणाने भवानीची कथा सांगताना जपानी किंवा फिन्निश चित्रशैलीचे पाते हाती घेतले, तर त्याला अडवू नये. त्याला एवढेच विचारावे, की तुझी शपथ कोणती? याचे उत्तर त्याच्यापाशी असेल, तर पाते कोठलेही असो, ती तलवार आमचीच ठरेल.